शेरवूडच्या रानातला हिशेबी चोर

जरा डोळ्यांपुढे आणा. किल्ल्यातल्या मोठ्या दालनात मेजवानी रंगात आली आहे. मशाली पेटल्यात, लांबलचक टेबलांवर खाण्याचे ढीग लागलेत आणि सरदार मंडळी त्यावर ताव मारताहेत. मधल्या खुर्चीवर राजपुत्र जॉन ऐसपैस बसलाय. थोरला भाऊ राजा रिचर्ड परदेशात कैदेत पडलाय आणि या धाकट्याला मनातल्या मनात उकळ्या फुटताहेत. आता राज्य आपलंच! इतक्यात दाराशी गलका होतो. पहारेकरी कोलमडतात. हिरव्या कपड्यांतला एक तरुण खांद्यावर अख्खं हरीण टाकून ताडताड आत येतो आणि ते हरीण राजपुत्राच्या पुढ्यात धाडकन आदळतो.

हरीण साधंसुधं नाही बरं का. ते राजाच्या राखीव जंगलातलं आहे. चित्रपटातल्या कायद्याप्रमाणे ते मारणाऱ्याला मरणाची शिक्षा. आणि हा पठ्ठ्या ते थेट किल्ल्यात घेऊन आलाय, वर हसतोय!

हा आपला रॉबिन हूड. आणि हा चित्रपट म्हणजे १९३८ साली वॉर्नर ब्रदर्सने काढलेला 'द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड'. रॉबिन हूडवर कितीतरी चित्रपट निघाले. १९२२ मध्ये डग्लस फेअरबँक्सचा मूकपट आला होता. १९७३ मध्ये डिस्नेने रॉबिनला चक्क कोल्हा केलं आणि त्याचा सोबती लिटल जॉन झाला अस्वल. १९९१ मध्ये केव्हिन कॉस्टनरचा रॉबिन आला, तो जरा काळोखा आणि मोठ्या मुलांसाठीच. पण घरातल्या सगळ्यांनी, आजीपासून शेंडेफळापर्यंत, एका रांगेत बसून पाहावा असा कोणता म्हणाल तर मी डोळे मिटून १९३८ चाच सांगेन. एक तास बेचाळीस मिनिटांचा आहे. मारामारी भरपूर, रक्त जवळजवळ नाही.

आता तुमच्यापैकी एकजण हमखास हात वर करणार. "पण हा तर चोर आहे ना? मग त्याच्यासाठी टाळ्या का वाजवायच्या?"

प्रश्न अगदी रास्त आहे. आईबाबांनो, तुमच्याही मनात तो आला असेल. श्रीमंतांना लुटा आणि गरिबांना वाटा, हे ऐकायला गोड वाटतं. पण उद्या शेजारच्या बंडूची नवी सायकल कुणी पळवली आणि म्हणालं, "मी गरिबाला दिली," तर? प्रश्न असा "चोर तर चोर" म्हणून झटकता येत नाही आणि "तो हिरो आहे" म्हणूनही सुटत नाही. गंमत म्हणजे हा चित्रपट स्वतःच तो प्रश्न विचारतो. कुठे विचारतो ते सांगतो, पण आधी थोडी गोष्ट.

साल चित्रपटात ११९१ दाखवलंय. राजा रिचर्ड धर्मयुद्धावरून परतताना ऑस्ट्रियात पकडला जातो. त्याला सोडवायला खंडणी हवी म्हणून राजपुत्र जॉन आणि त्याचा उजवा हात सर गाय ऑफ गिस्बोर्न लोकांवर कर लादतात. पैसा गोळा होतो, पण तो राजासाठी नव्हे, जॉनच्या खजिन्यात. लोक नाडले जातात. मच नावाचा एक गरीब गिरणीवाल्याचा पोर हरीण मारताना सापडतो, आणि त्याला वाचवायला लॉक्स्लीचा सरदार रॉबिन मध्ये पडतो. मग ते हरीण, ती मेजवानी आणि ती भन्नाट मारामारी. रॉबिनची जमीन जप्त होते, त्याला कायद्याबाहेरचा ठरवतात आणि तो शेरवूडच्या जंगलात शिरतो.

कायद्याबाहेरचा म्हणजे काय, ते इथेच समजून घ्या. आपल्याकडे पूर्वी गावाने वाळीत टाकत, पण हे त्याहून भयंकर. त्या काळच्या इंग्लंडमध्ये कोर्टाने अनेकदा बोलावूनही जो हजर झाला नाही, त्याच्यावरचं कायद्याचं छत्रच काढून घेत. मग तो म्हणजे लांडगा! लांडग्याला जसं कुणीही मारावं, तसं यालाही कुणीही मारावं, मारणाऱ्याला शिक्षा नाही. अशा माणसाने जायचं कुठे? अर्थात जंगलात.

जंगलात रॉबिनला साथीदार कसे मिळतात तो भाग चित्रपटातला सगळ्यात खट्याळ. ओढ्यावर एक ओंडका आडवा पडलाय. या टोकाकडून रॉबिन येतो, त्या टोकाकडून ताडमाड उंचीचा एक गडी. कोण बाजूला होणार? कुणीच नाही! मग ओंडक्यावरच लाठ्यांची लढाई जुंपते आणि आपला नायक धपकन पाण्यात पडतो. आता दुसरा एखादा नायक असता तर चिडून तलवार उपसली असती. रॉबिन पाण्यात बसून खो खो हसतो आणि ज्याने पाडलं त्यालाच टोळीत घेतो. हाच लिटल जॉन. नाव 'छोटा', अंगाने डोंगर! हे काम करणारा ॲलन हेल १९२२ च्या मूकपटातही लिटल जॉनच होता, आणि पुढे १९५० मध्ये आणखी एका चित्रपटात पुन्हा लिटल जॉन. अठ्ठावीस वर्षं एकच भूमिका! असा विक्रम कुणी मुद्दाम ठरवूनही करत नसेल.

आता येतो तो प्रसंग. गिस्बोर्न कराचा सगळा पैसा घेऊन शेरवूडमधून निघालाय. बरोबर शिपाई आहेत, नॉटिंगहॅमचा घाबरट शेरीफ आहे आणि लेडी मॅरियन आहे. झाडांवर रॉबिनची माणसं दबा धरून बसलीत. इशारा होतो आणि पिकलेली फळं टपटप गळावीत तशी माणसं झाडांवरून उड्या टाकतात. लूट हाती येते. मग जंगलात जंगी पंगत बसते. सरदारांची उंची वस्त्रं काढून त्यांना फाटके कपडे चढवतात. हशा, गाणी, खाणं!

मॅरियन मात्र फणकाऱ्यात आहे. ती राजघराण्याच्या आश्रयाला वाढलेली, तिच्या लेखी हे सगळे लुटारू. ती रॉबिनला टोचून विचारते की या पैशाचं तू काय करणार. तेव्हा तो स्वतः काहीच उत्तर देत नाही. तो वळतो आणि आपल्या माणसांना विचारतो, "काय करायचं? आपसांत वाटून घ्यायचं?" आणि सगळं रान एका आवाजात गरजतं की हा पैसा राजाच्या सुटकेसाठी. फाटक्या माणसांपुढे पेट्या भरून पैसा आहे, आणि एकालाही तो नकोय. मॅरियनचा चेहरा पाहा या क्षणी. मग रॉबिन तिला पंगतीच्या पलीकडे नेतो. तिथे घरदार गेलेली, मारहाण झालेली, उपाशी माणसं अन्नासाठी आलेली असतात. ती त्याचे आभार मानतात. मॅरियन गप्प होते. ऑलिव्हिया डी हॅविलँड या नटीने तो बदल नुसत्या डोळ्यांनी दाखवलाय.

म्हणजे हा चोर हिशेब देतो. त्याची चोरी सगळ्यांसमोर मोजली जाते, आणि जिने शंका घेतली तिलाच तो ती कुठे जाते ते दाखवतो. माझ्या मते चित्रपटाचं खरं हृदय इथे आहे, तलवारींत नाही.

आणि ही हिशेबाची गोष्ट चित्रपटवाल्यांनी नवीन काढलेली नाही हं. ती फार जुनी आहे. आपल्याकडे शाहीर जसे पोवाडे गात गावोगाव फिरत, तशी इंग्लंडमध्ये रॉबिनची गाणी गायली जात. सुमारे १५०० साली त्यातलं एक लांबलचक गाणं छापलं गेलं, त्याचं नाव 'अ जेस्ट ऑफ रॉबिन हूड'. त्यात रॉबिन आपल्या माणसांना आधीच बजावतो की नांगर धरणाऱ्या शेतकऱ्याला हात लावायचा नाही. आणि ज्या वाटसरूंमध्ये एखादी बाई असेल त्यांनाही त्रास द्यायचा नाही.

मग एक दिवस त्याची माणसं एका उदास सरदाराला पकडून आणतात. रॉबिन त्याला आधी पोटभर जेवू घालतो आणि मग विचारतो, "जेवणाचे पैसे? तुझ्याजवळ आहे तरी किती?" सरदार म्हणतो, "दहा शिलिंग." लिटल जॉन जमिनीवर आपला झगा पसरतो, त्याच्या सामानातले पैसे ओततो, मोजतो. बरोबर दहा शिलिंग! माणूस खरं बोलला. मग कळतं की त्याने मठाकडे जमीन गहाण ठेवली होती, आणि चारशे पौंड भरले नाहीत तर ती कायमची जाणार. रॉबिन त्याला लुटायचं सोडून चारशे पौंड उसने देतो!

पुढे त्याच मठाचा भांडारी तावडीत सापडतो. तोच प्रश्न. "किती आहेत?" तो म्हणतो, "वीस मार्क." पुन्हा झगा पसरला जातो, पुन्हा मोजणी होते. निघतात आठशे पौंडांहून जास्त! खोटं बोलला, गेले सगळे. नंतर तो सरदार इमानाने चारशे पौंड परत करायला येतो, तर रॉबिन घेत नाही. मठाकडून दुप्पट वसूल झालेत ना! मला तर हा झगा पसरून पैसे मोजणारा लिटल जॉन फार आवडतो. दरोडेखोरांच्या टोळीतला हिशेबनीस.

आता तुम्ही विचाराल, हा रॉबिन खरोखर होता का? इंग्लंडच्या कोर्टाच्या कागदांत १२२६ साली यॉर्क भागात 'रॉबर्ट हॉड' नावाचा एक फरारी सापडतो. तोच का हा, ते कुणी सांगू शकत नाही. १२६२ मध्ये मात्र मोठी मजा झाली. एका फरार माणसाचं आडनाव बदलून कारकुनाने कागदावर 'रोबेहोड' असं लिहून ठेवलं. म्हणजे तोवर 'रॉबिन हूड' हे दरोडेखोराला लावायचं टोपणनाव होऊन बसलं असावं. आपण नाही का एखाद्या धिप्पाड मुलाला 'भीम' म्हणत, तसं.

बाकीची गोष्ट मग पिढ्यान् पिढ्या जमत गेली. जुन्या गाण्यांतला रॉबिन सरदार नव्हता, साधा माणूस होता, आणि त्याचं बरंचसं वास्तव्य यॉर्कशायरमधल्या बार्न्सडेलच्या रानात होतं. 'जेस्ट'मधला राजा रिचर्ड नाही, एडवर्ड आहे. मॅरियन तर त्यात नाहीच! ती मे महिन्यातल्या जत्रांच्या खेळांतून आली. रॉबिनला रिचर्डच्या काळात नेऊन बसवलं ते जॉन मेजर या इतिहासकाराने, १५२१ साली. त्याला उमराव केलं १५९८ च्या सुमारास अँथनी मंडे या नाटककाराने. आणि सॅक्सन विरुद्ध नॉर्मन हे भांडण, जे चित्रपटभर चालतं, ते आलं सर वॉल्टर स्कॉटच्या 'आयव्हॅनहो' कादंबरीतून. ती १८१९ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाली. गोधडीसारखं आहे हे. कुणाच्या लुगड्याचा तुकडा, कुणाच्या धोतराचा, पण पांघरायला ऊबदार.

यावरून एक झाड आठवलं. चित्रपटातलं शेरवूड इंग्लंडमधलं नाहीच मुळी. ते अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या चिको गावाच्या बिडवेल पार्कमध्ये उभं केलं होतं. तिथे हूकर ओक नावाचा एक अवाढव्य वृक्ष होता, तो चित्रपटात दिसतो. (हे हूकर म्हणजे सर जोसेफ हूकर, सिक्कीमच्या डोंगरांत भटकून हिमालयातल्या वनस्पतींचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ. त्यांच्या सन्मानार्थ झाडाला हे नाव दिलं.) लोक मानत की झाड हजार वर्षांहून जुनं आहे. १९७७ मध्ये ते कोसळलं आणि पाहतात तो काय, ते एक झाड नव्हतंच! दोन झाडं एकमेकांत वाढून एकजीव झाली होती, आणि वय सुमारे सव्वातीनशे वर्षं. तरीपण सावली तर खरीच देत होतं ना.

जंगल नकली, पण बाण खरे! हॉवर्ड हिल नावाचा अमेरिकेतला नामांकित तिरंदाज यासाठी आणला होता. जी माणसं बाण लागून कोसळताना दिसतात, त्यांच्या कपड्यांखाली पोलादी पत्रा आणि त्यावर मऊ लाकूड बांधलेलं असे, आणि हिल त्यांच्या अंगावर खराखुरा बाण सोडे. बाण लाकडात रुतून बसे. प्रत्येक बाणामागे त्या लोकांना जादा पैसे मिळत. मिळायलाच हवेत! नेम चुकला असता तर?

स्पर्धेत रॉबिन दुसऱ्याच्या बाणावर नेम धरून तो उभा चिरतो, ते दृश्य तर जगप्रसिद्ध आहे. खऱ्या लाकडी बाणाचं असं टोकापर्यंत दोन फाका होणं जवळपास अशक्य, कारण लाकडाच्या रेषा सरळ जात नाहीत, चीर मध्येच बाजूला वळते. पण आजही तिरंदाजीच्या मैदानावर एकाचा बाण दुसऱ्या बाणाच्या शेपटीत घुसून अडकला, तर खेळाडू त्याला 'रॉबिन हूड' म्हणतात. हल्लीचे पोकळ बाण असले की असं कधी कधी घडतं. (घरी प्रयोग नको! बाबांच्या पडद्याच्या काठ्या आणि आजीचा चश्मा दोन्ही धोक्यात येतील.)

आणि रंग! १९३८ मध्ये बहुतेक चित्रपट काळे-पांढरे असत. हा टेक्निकलरमध्ये आहे. त्या अवजड कॅमेऱ्यात प्रकाशाचे भाग करणारा एक लोलक असे आणि एकाच वेळी तीन काळ्या-पांढऱ्या फिती फिरत. एकीवर लाल प्रकाशाची नोंद, दुसरीवर हिरव्या, तिसरीवर निळ्या. मग रंगांच्या ठशांसारखे तीन रंग एकावर एक उमटवून पडद्यावरची फीत तयार करत. म्हणून तर रॉबिनचा हिरवा इतका हिरवागार आणि गिस्बोर्नच्या माणसांचा लाल इतका लालभडक दिसतो. फक्त एकच शंका मला दर वेळी येते. जंगलात राहून या मंडळींचे कपडे इतके स्वच्छ कसे? धुतं कोण?

नायक एरॉल फ्लिन ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाचा. खरं तर ही भूमिका आधी जेम्स कॅग्नीला मिळायची होती, पण १९३५ मध्ये त्याचं कंपनीशी बिनसलं आणि तो निघून गेला. फ्लिनला हसण्याची जी देणगी होती ती पाहिली की वाटतं, बरं झालं! गिस्बोर्न झालेला बॅझिल रॅथबोन त्याहून चांगला तलवारबाज होता. पण खलनायक पडला ना, दर वेळी बिचाऱ्याला हरावंच लागे. पुढच्याच वर्षी, १९३९ मध्ये, तो पडद्यावरचा शेरलॉक होम्स झाला. मॅरियनच्या सोनेरी घोड्याकडेही लक्ष ठेवा. गोल्डन क्लाउड त्याचं नाव. पुढे 'ट्रिगर' म्हणून तो अमेरिकेत भल्याभल्या नटांहून प्रसिद्ध झाला.

चित्रपट एका ठिकाणी मात्र साफ बनवाबनवी करतो. तो रिचर्डला देवमाणूस दाखवतो. राजा परत आला, सगळं आलबेल! खरा रिचर्ड ११८९ ते ११९९ अशी दहा वर्षं राजा होता आणि त्यातले जेमतेम सहा महिने इंग्लंडमध्ये राहिला. तो खरोखर पकडला गेला, ११९२ च्या डिसेंबरात, व्हिएन्नाजवळ. त्याच्यासाठी दीड लाख मार्कांची खंडणी ठरली, आणि ती भरायला लोकांच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा कर म्हणून घेतला गेला. चर्चमधली सोन्याचांदीची भांडीसुद्धा गेली. म्हणजे लोकांना पिळणारा तो भलामोठा कर खुद्द चांगल्या राजासाठीच होता! सुटल्यावर ११९४ च्या मार्चमध्ये रिचर्डने जॉनच्या माणसांकडून नॉटिंगहॅमचा किल्ला जिंकून घेतला आणि लगेच शेरवूडचं जंगल पाहायला गेला, हे मात्र खरं. त्याला ते फार आवडलं म्हणतात. तिथे कुणी हिरव्या कपड्यांतला भेटल्याची नोंद नाही.

आणि हरणांचं काय झालं? त्याचं उत्तर राजाच्या मेहेरबानीत नाही, एका कागदात आहे. १२१७ साली 'जंगलाची सनद' निघाली. राजाचं हरीण मारलं म्हणून इथून पुढे कुणाचा जीव किंवा हातपाय जाणार नाहीत, असं त्यात लिहून दिलं. गुन्हा उरला, पण शिक्षा दंडाची किंवा कैदेची. सनद ज्याच्या नावाने निघाली तो राजा, तिसरा हेन्री, तेव्हा दहा वर्षांचा होता. पाचवीतल्या मुलाएवढा! या सनदेचे काही भाग इंग्लंडमध्ये थेट १९७१ पर्यंत लागू होते.

व्हिएन्नाचं नाव निघालंच आहे तर आणखी एक खरी गोष्ट सांगतो. ती चित्रपटात दिसत नाही, पण ऐकू येते. तिथे एरिश वोल्फगँग कॉर्नगोल्ड नावाचा संगीतकार राहत असे. अकराव्या वर्षी त्याने एका नृत्यनाट्याचं संगीत लिहिलं होतं आणि ते तो तेरा वर्षांचा असताना व्हिएन्नाच्या राजदरबारी रंगमंचावर झालं! १९३८ च्या सुरुवातीला त्याला हॉलिवूडहून बोलावणं आलं. तो आला, चित्रपट पाहिला आणि म्हणाला, "मला नाही जमणार. नुसती मारामारी आहे, मी मनातल्या भावनांचं संगीत लिहिणारा माणूस." त्याने तसं पत्रही दिलं.  त्याच सुमारास, १२ फेब्रुवारीला, ऑस्ट्रियाच्या चॅन्सेलरला हिटलरने आपल्यापुढे बोलावून दम भरला होता. घरी धोका आहे हे कॉर्नगोल्डला कळून चुकलं. तो ज्यू होता. त्याने काम घेतलं. महिनाभरात, मार्चमध्ये, हिटलरचं सैन्य ऑस्ट्रियात शिरलं. कॉर्नगोल्डचं व्हिएन्नातलं घर नाझींनी जप्त केलं. तिथे राहिलेले त्याचे आईवडील आणि थोरला मुलगा कसेबसे वेळेवर बाहेर पडू शकले.

तो इकडे बसून संगीत लिहीत होता. कशाचं? जमीन जप्त झालेल्या, कायद्याने दार बंद केलेल्या माणसांचं. पंगतीच्या प्रसंगात जे नाचरं, आनंदी संगीत वाजतं, ते या दिवसांत लिहिलं गेलंय. त्या संगीताला ऑस्कर मिळालं. चित्रपटाला एकूण तीन मिळाली, संकलनाचं आणि कलादिग्दर्शनाचं ही दुसरी दोन. पण कॉर्नगोल्ड नंतर सांगत असे की रॉबिन हूडने माझा जीव वाचवला.

तर येत्या रविवारी जमवा सगळ्यांना. लहानांना इंग्रजी समजणार नाही म्हणून काळजी नको. थोडं ताईने सांगावं, थोडं बाबांनी, आणि बाकीचं पडद्यावर दिसतंच. पंगतीचा प्रसंग झाला की हवं तर थांबवा आणि भांडून घ्या. रॉबिनने केलं ते बरोबर की चूक? राजा आलाच नसता तर त्या पैशाचं काय करायला हवं होतं? आमच्याकडे कळवा. पोस्टकार्ड चालेल. आजीआजोबांचं मत वेगळं असेल तर तेही लिहा.

आणि शेवटच्या तलवारबाजीला पापणी लवू देऊ नका. रॉबिन आणि गिस्बोर्न गोल जिन्यावरून लढत लढत खाली येतात, मेणबत्त्यांचं भलंमोठं झाड कोसळतं, आणि मग दोघंही एका जाडजूड खांबाआड जातात. दिग्दर्शक मायकेल कर्टिझला सावल्यांचं भारी वेड. आता पडद्यावर माणसं नाहीतच, खांबावर नुसत्या दोन प्रचंड सावल्या, आणि तलवारींचा खणखणाट. त्यातली रॉबिनची कोणती, ते ओळखायला तुमच्याकडे फक्त काही सेकंद आहेत.